तलावाला भिंत नको, काठ हवा

ठाण्यात तलावाकाठच्या जमिनीचा विषय निघाला की लगेच दोन पक्ष तयार होतात. घोडबंदर रस्त्याच्या आतल्या अंगाला एका सोसायटीत सध्या तेच चालू आहे. इमारतींचे कुंपण आणि तलावाचे पाणी यांच्यामध्ये सोसायटीच्या मालकीची एक पट्टी आहे. वर्षानुवर्षे तिथे बांधकामाचा राडारोडा, घाणेरी आणि सुबाभूळ यांचे राज्य होते. ती साफ करायची, इथपर्यंत सगळ्यांचे एकमत. पुढे एका गटाला दगडी संरक्षक भिंत, पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक, कार्पेट लॉन आणि रॉयल पामची रांग हवी आहे. दुसऱ्याला ‘देशी झाडांचे घनदाट जंगल’. सभेत एक बाजू दुसरीला झाडवेडी म्हणते, दुसरी पहिलीला काँक्रीटवाली. मग मोबाइलवर ऑक्सिजनची आकडेवारी फिरू लागते, कोणीतरी जपानचे फोटो टाकते, कोणीतरी सिंगापूरचे. या सगळ्या गदारोळात ज्या गोष्टीवर निर्णय व्हायला हवा तिचे नावही निघत नाही: तलावाचे पाणी वर्षभरात कुठवर चढते, कुठवर उतरते आणि त्या चढउतारात कोण तग धरते?

माझी बाजू आधीच सांगतो. भिंत नको, लॉन नको. काठ मातीचा आणि उतरता ठेवावा, त्यावर या भागातली झाडे-झुडपे लावावीत, आणि फिरायचा ट्रॅक पाण्यापासून मागे सरकवावा. मात्र ‘देशी ते चांगले, विदेशी ते वाईट’ या घोषणेवर माझा विश्वास नाही. इथली झाडे लावायची ती त्यांच्या जन्मदाखल्यासाठी नव्हे. चार महिने पाण्यात आणि आठ महिने कोरड्यात उभे राहण्याचा अनुभव त्यांच्याकडे आहे, म्हणून. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. ऑगस्टमध्ये जिथे कमरेएवढे पाणी असते तिथे मे महिन्यात जमिनीला भेगा पडतात. ही पट्टी म्हणजेच तलावाचा खरा काठ. नकाशावर तो रेघेसारखा दिसतो, प्रत्यक्षात तो वर्षभर मागेपुढे सरकत असतो. त्या रेघेवर भिंत बांधली की काठ नाहीसा होतो. उरतो तो हौद.

विरोधकांचा सगळ्यात धारदार मुद्दा मला याच ठिकाणी ऐकू येतो. ते म्हणतात, ठाण्याचे तलाव मुळात माणसांनीच खोदलेले आहेत, मग कसले आले आहे नैसर्गिक आणि कसले पुनरुज्जीवन? मुद्दा खोटा नाही. शिलाहार राजांनी श्रीस्थानकात, म्हणजे जुन्या ठाण्यात, साठ मंदिरे आणि साठ तलाव बांधले अशी आख्यायिका आपण अभिमानाने सांगतो. आज शिल्लक आहेत ते पस्तीसच्या आसपास. मासुंदा काय, सिद्धेश्वर काय, ही जंगलातली सरोवरे नव्हेत. पण खड्डा माणसाने खोदला म्हणजे काठही माणसाने बांधून काढला होता, असे होते का? जुन्या बांधणीत फरक स्पष्ट दिसतो. बारव आणि पुष्करणी चारी बाजूंनी दगडात बांधत, कारण बारवेत जमिनीखालच्या झऱ्यापर्यंत उतरायचे असते आणि पुष्करणी हा देवळाचाच भाग असतो. गावतळ्याचे काम वेगळे. ते आजूबाजूच्या उतारावरून वाहत येणारे पाणी गोळा करते. म्हणून गावतळ्याला घाट असलाच तर जिथे माणसे उतरतात त्या अंगाला, बांधावर वड, उंबर, करंज, आणि उरलेली बाजू गुरांना, बगळ्यांना आणि पावसाच्या ओहळांना मोकळी. जिथे पाय पडणार तिथे दगड, बाकी माती. हे कोणी पर्यावरणवादी म्हणून केले नव्हते. चारी बाजूंनी दगड बांधला तर पाणी आत कुठून येणार, एवढा साधा हिशेब होता. आज आपण तळ्याला बारवेचे कपडे चढवतो, मग पावसाचे पाणी आत यायला पाइप टाकतो, आणि त्याच पाइपातून पुढे सांडपाणी येऊ लागले की आश्चर्य करतो.

‘मानवनिर्मित’ या एका शब्दाच्या आडून काय काय सुटते, हे कायद्यातही दिसते. 2017च्या पाणथळ नियमांनी पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी किंवा करमणुकीसाठी खास बांधलेले जलाशय आपल्या व्याख्येतून वगळले. म्हणजे शतकानुशतके पाणी धरून असलेले, मासे-कासवे पोसणारे तळे कागदावर पाणथळ ठरू नये, यासाठी ते कशासाठी खोदले होते एवढे दाखवले की भागते. खोदण्यामागचा हेतू पाणकोंबडीला कसा कळावा?

भिंतीने नेमके काय जाते, ते सांगतो, कारण सभेत हे कधीच सविस्तर मांडले जात नाही. खंड्या पक्षी घरटे झाडावर बांधत नाही, काठाच्या उभ्या मातीत बोगदा खोदतो. गॅबियनच्या जाळीत भरलेल्या दगडांत तो चोच मारून मारून किती मारणार? कासवाला अंडी घालायला पाण्याबाहेर येऊन मऊ जमीन लागते, सहा फुटी उभी भिंत त्याला चढता येत नाही. बेडकाला उथळ, गवताळ कड हवी. चतुराची पिल्ले महिनोन्महिने पाण्यात राहतात आणि वाढ पुरी झाली की लव्हाळ्याच्या नाहीतर पाणकणसाच्या दांड्यावर चढून कात टाकतात, मगच त्यांना पंख फुटतात. दांडाच नसेल तर? आणि चतुराची ही पिल्ले पाण्यात असताना खातात काय, तर डासांच्या अळ्या. ‘झुडपे लावली की डास वाढणार’ हे वाक्य प्रत्येक सभेत हमखास येते. डेंग्यूचा डास कुंडीखालच्या ताटलीत, ड्रममध्ये, गच्चीवरच्या टायरात वाढतो. क्युलेक्स जातीचा डास गटारात आणि तुंबलेल्या घाण पाण्यात. ज्या तळ्याच्या काठाला वनस्पती आहेत, पाण्यात मासे आणि चतुर आहेत, तिथे डासांना सुखाने वाढता येत नाही. भिंत बांधून आपण डास खाणाऱ्यांची जागा काढून घेतो आणि मग फवारणीची गाडी बोलावतो.

आता भिंत गेली तर माती वाहून जाणार नाही का? जाईल, जर उतार तोडून उभा केला असेल आणि वर डेब्रिजचा भराव टाकला असेल. पण मातीचा उतार धरून ठेवण्याची कला करंजाकडून शिकावी. करंज मुळात ओढ्या-खाडीच्या कडेचे झाड आहे. मुळे खोल आणि पसरट, पाणी साचलेले चालते, थोडे खारेही चालते, आणि ऐन एप्रिलमध्ये नव्या पालवीची अशी दाट सावली धरते की तिच्यापुढे रॉयल पाम हा शोभेचा विजेचा खांब वाटावा. निवर तर त्याहून तयारीचे. बुंधा पाण्यात बुडालेला असतानाही ते उभे राहते. लाल तुऱ्यांच्या लांब लोंब्या रात्री फुलतात आणि सकाळी पाण्यावर त्यांचा सडा पडलेला असतो. ठाण्यात किती जणांनी हे झाड पाहिले आहे? याखेरीज अर्जुन, जांभूळ, उंबर, कळंब आहेत. ताम्हण हे तर आपले राज्यपुष्प आणि मूळचे ओढ्याकाठचे झाड. आपण त्याला दुभाजकाच्या दीड फुटात कोंडतो. ही सगळी पाण्याच्या जवळची मंडळी. त्यांच्या वरच्या, कोरड्या अंगाला पळस, पांगारा, कुडा, भोकर. आणि झुडपे विसरून चालणार नाही, कारण माती खरी धरतात ती झुडपे आणि गवत. निर्गुंडी, धायटी, मुरुडशेंग, करवंद, अडुळसा. पाण्याच्या अगदी कडेला लव्हाळे आणि वेखंड. उतारावरून आलेला गाळ यांच्यात अडतो, पाणी तेवढे गाळून आत जाते.

याउलट संरक्षक भिंत ही कायमची सुरक्षितता, ही समजूत कोणत्याही पावसाळ्यात तपासून पाहावी. भिंतीमागे पाणी साठते, ते बाहेर पडायला ठेवलेली भोके मातीने बुजतात, मागून दाब वाढतो आणि एका रात्री भिंत तलावात झुकते. मग दुरुस्तीची निविदा निघते.

लॉनबद्दल मी जास्त कठोर आहे. तलावाशेजारी कार्पेट लॉन लावणे म्हणजे तलावात खत सोडणे. हिरवे ठेवण्यासाठी त्याला युरिया घालावा लागतो, पहिल्याच सरीत त्यातला बराचसा भाग उताराने पाण्यात जातो, आणि पुढे पाण्यावर हिरवी साय धरते. उन्हाळ्याच्या तोंडाशी मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्या या शहराला नवीन नाहीत. त्याला मुख्य कारण सांडपाणी हे खरे. पण सांडपाण्यातून जे जास्तीचे पोषण येते तेच आपण लॉनमधून हौसेने घालतो. आणि एवढे करून त्या लॉनवर ‘चालू नये’ अशी पाटी लागते.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे, आणि मला तो गांभीर्याने घ्यावासा वाटतो. ‘देशी-विदेशी’ ही भाषाच मुळात संशयास्पद आहे, असे काही विचारी लोक म्हणतात. आज झाडांचे मूळ गाव विचाराल, उद्या माणसांचे. मुंबई-ठाण्यात या प्रश्नाला काय इतिहास आहे ते वेगळे सांगायला नको. शिवाय शुद्धतेचा आग्रह धरायचा तर चिंच आफ्रिकेतून आली, गोरखचिंचही तिथलीच, आणि वडापावातला बटाटा नि सोबतची मिरची दोन्ही अमेरिकेतून. मग गुलमोहरानेच काय घोडे मारले आहे? मे महिन्यात तो फुलला की मासुंद्याच्या तलावपाळीवर उन्हाची धगही सुसह्य होते. हे सगळे मला मान्य आहे. जुन्या पर्जन्यवृक्षांवर बगळे आणि पाणकावळे वसाहती करून राहतात. असे झाड परदेशी आहे म्हणून तोडा, असे कोणी म्हणत असेल तर मी त्याच्या विरोधात उभा राहीन.

पण माणसाची उपमा झाडाला लावली की विचार तिथेच थांबतो. माणूस नव्या गावात आला की भाषा शिकतो, संसार मांडतो, चार ओळखी करतो. झाडाला हे करायला काही हजार वर्षे लागतात. उंबराचे परागीकरण एक विशिष्ट चिमुकली गांधीलमाशी करते. ती त्या फळातच जन्मते आणि दुसऱ्या उंबराकडे जाते. वर्षातून अनेकदा लागणाऱ्या त्या फळांवर तांबट, वटवाघळे, बुलबुल जगतात, आणि जेव्हा दुसरीकडे काही फळत नाही तेव्हाही जगतात. कळंबाच्या पानांवर कमांडर फुलपाखराच्या अळ्या वाढतात. 2015 साली आपण ब्लू मॉरमॉन हे राज्य फुलपाखरू जाहीर केले. त्याच्या अळ्यांना माकडलिंबासारखी लिंबाच्या कुळातली झाडे लागतात. रॉयल पामवर त्याची मादी अंडी घालणार नाही, कितीही रांगा लावल्या तरी. चिंच इथे इतकी शतके आहे की तिचे थोडेफार जमले आहे. कोनोकार्पस हा शोभेचा परदेशी वृक्ष काल आला. नर्सरीवाल्यांना तो आवडतो कारण त्याला किडा लागत नाही, गुरे तोंड लावत नाहीत, तो झपाट्याने वाढतो. हे गुण म्हणून सांगितले जातात! ज्या झाडाला कोणी खात नाही, त्यावर कोण जगणार? गुजरातने 2023मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, त्याआधी तिथेही शहरांच्या शोभेसाठीच तो लावला जात होता.

शोभा हा शब्द या देशाला महागात पडला आहे. घाणेरी ब्रिटिशांनी बागेत रंगीत फुले हवीत म्हणून आणली. आज येऊरच्या जंगलातल्या कोणत्याही पायवाटेला ती दोन्ही बाजूंनी दाटलेली दिसते. जलपर्णीही तिच्या निळ्या-जांभळ्या फुलांसाठीच आली आणि तिने बंगालपासून उल्हास नदीपर्यंत पाणी गिळले. सुबाभूळ शोभेची नव्हती, उपयोगाची होती. 1980च्या दशकात सामाजिक वनीकरणात चारा, सरपण आणि झटपट हिरवळ म्हणून ती निलगिरीबरोबर गावोगाव लावली. आज त्या सोसायटीच्या पट्टीवरून सुबाभूळ उपटायला मजूर लावावे लागत आहेत, कारण शेंगा फुटून तिचे बी सगळीकडे पसरले आहे. आणताना प्रत्येक वेळी हेतू चांगला होता. विचारायचा राहिला तो एकच प्रश्न, की हे झाड इथे कोणाबरोबर राहणार आहे?

झाडवाल्या गटाशीही माझे भांडण आहे, आणि ते छोटे नाही. ‘घनदाट जंगल’ या कल्पनेने त्यांना झपाटले आहे. अकिरा मियावाकी या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावाने आज नवी मुंबईपासून ठाण्यापर्यंत चौरस मीटरला तीन-चार रोपे खोचली जातात. मियावाकींनी आपली पद्धत उभी केली ती जपानमधल्या जुन्या देवस्थानांभोवतीची राने पाहून. त्या जागी मूळची वनस्पती कोणती होती, हे ते आधी शोधत. आपल्याकडे तसे काम देवरायांमध्ये झाले, वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी 1970च्या दशकात त्यांचा अभ्यास सुरू केला. म्हणजे पद्धतीचा गाभा आपल्यालाही परका नव्हता. पण आपण तिच्यातली घनता उचलली आणि शोध सोडला. तलावाच्या काठावर तर घनता हीच चूक ठरते. काठाला उतार असतो आणि प्रत्येक पायरीला वेगळी वस्ती असते. काही जागा मोकळी, गवताळ, चिखलाचीच राहायला हवी, कारण वंचक आणि तुतारी या पाणपक्ष्यांना उथळ चिखल लागतो, झाडी नाही.

याचे उत्तम उदाहरण खाडीपलीकडे आहे. सिडकोने नवी मुंबई वसवताना पुराचे पाणी साठवायला धारण तलाव केले. त्यांच्यात गाळ साठला, भरतीचे पाणी येत राहिले आणि कोणी एक रोप न लावता तिवरांचे जंगल उभे राहिले. आता गाळ काढायचा की तिवरे जपायची, हा तिथला पेच आहे आणि उच्च न्यायालयाचे तिवरांना संरक्षण असल्यामुळे तो सहज सुटणारा नाही. तिकडे नेरुळच्या डीपीएस तलावात उलटे: तिथे रोहित पक्ष्यांना झाडी नको, भरतीच्या पाण्याची ये-जा आणि उघडा चिखल हवा. पाण्याचे मार्ग अडले की तिथे शेवाळ माजते आणि पक्षी उठून जातात. अशा ठिकाणी जाऊन कोणी उत्साहाने वृक्षारोपण केले तर ते नुकसानच. 2022मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेल्या ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर राहणाऱ्या माणसांना तरी हे कळायला हवे की झाडे लावणे आणि जागा सुधारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राज्याने 2019च्या पावसाळ्यात 33 कोटी झाडांचे लक्ष्य ठेवले होते. आकडे मोजण्याची ती सवय आता सोसायट्यांनाही लागली आहे. सभेत विचारतात, किती झाडे बसतील? कोणती कुठे बसतील, हे कोणी विचारत नाही.

मग सुरक्षिततेचे काय? एका बाईंनी सभेत सांगितले, ‘अहो, झुडपांच्या आड कोण बसलेलं असेल सांगता येत नाही, संध्याकाळी साडेसातनंतर मी तिकडून चालणार नाही.’ झाडवाल्यांनी त्यांना निसर्गाचे महत्त्व समजावले. हे उत्तर नव्हते. बाईंचे बरोबर आहे. या शहरात बायकांना, म्हाताऱ्यांना, लहान मुलांना मोफत बसता येईल अशा जागा मोजक्या आहेत आणि तलावाकाठ ही त्यातली सगळ्यात मोठी. ती त्यांच्यापासून हिरावून घेऊन पाखरांना द्यायची असेल तर तो सौदा मलाही मान्य नाही. पण ट्रॅक आणि झुडपे यांची अदलाबदल केली तर? ट्रॅक इमारतींच्या बाजूला, दिव्यांच्या उजेडात; त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये गुडघ्यापर्यंतचे गवत आणि झुडपे, उंच झाडांच्या खालच्या फांद्या छाटलेल्या; आणि दोन-तीन ठिकाणी पाण्यापर्यंत जाणाऱ्या पायऱ्या. चालणाऱ्याच्या मागे झुडूप येतच नाही. साप येतील म्हणाल तर पाणदिवड आजही आहे आणि ती बिनविषारी आहे. घोणस-नाग येतात ते उंदरांमागे, उंदीर येतात ते कचऱ्यामागे. बिबट्याची भीती येऊरच्या पायथ्याला खरी आहे. पण 2019च्या फेब्रुवारीत समतानगरात बिबट्या आला तेव्हा तो मॉलमध्ये शिरला होता आणि पकडला गेला हॉटेलच्या तळघरात. त्याला ओढून आणतात ती कचऱ्यावर पोसलेली कुत्री.

मासुंद्याला, म्हणजे तलावपाळीला, मी हे सगळे लावायला निघालेलो नाही. ती शहराची बैठक आहे, तिथे दिवे, नावा, भेळ आणि दिवाळी पहाट हवीच. पण प्रत्येक तलाव तलावपाळी व्हायला हवा, हा हट्ट कशासाठी? राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत ठाण्यातले 9 तलाव घेतले गेले होते. तेव्हापासून आजवर जे जे सुशोभीकरण झाले त्यात कठडे, फरशी, कारंजे आणि रोषणाई यांचा वाटा पाहिला की हे शहर एकाच तलावाच्या प्रती काढत सुटले आहे असे वाटते.

असे का होते याचे कारण सौंदर्यदृष्टीत नाही, मोजमापात आहे. भिंत रनिंग मीटरमध्ये मोजता येते, फरशी चौरस मीटरमध्ये, दिवे नगांत. कनिष्ठ अभियंता जागेवर येऊन मोजमाप पुस्तकात नोंद करतो, बिल निघते. निर्गुंडीच्या झुडपाला, बेडकाच्या कडेला, उताराच्या कोनाला दर कोणता लावायचा? सोसायटीतही तेच. समितीची मुदत संपण्याआधी काहीतरी उभे राहिलेले दिसले पाहिजे, फीत कापता आली पाहिजे. म्हणून ठेकेदार आठ फुटी तयार झाड आणतो. पिशवीत गोल गोल वळलेली मुळे तशीच पुरली जातात, झाड दोन वर्षे छान दिसते आणि मग एका पावसाळी वाऱ्यात आडवे होते. 2021च्या तौक्ते वादळात झाडे पडली तेव्हा दोष वाऱ्याला देऊन आपण मोकळे झालो. त्या झाडांच्या मुळांना खाली किती जागा ठेवली होती, हे पाहायला कितीजण वाकले? काठासाठी हाताएवढे, एक-दीड वर्षाचे रोप उत्तम, आणि काहींना तर रोपही नको. पांगाऱ्याचा खुंट पावसाच्या तोंडावर रोवला की जगतो. निर्गुंडीची फांदी लावली की कुंपण होते. गुरे तिला तोंड लावत नाहीत, हे शेतकऱ्याला कोणी शिकवले नव्हते. करंजाचे बी पंधरवड्यात रुजते. खर्च इतका कमी येतो की निविदाच काढावी लागत नाही, आणि नेमकी हीच त्याची अडचण आहे.

देखभालीचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो उडवून लावणाऱ्यांनी हे काम हाती घेऊच नये. ‘देशी झाडांना काही लागत नाही’ हे साफ खोटे. पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी लागते. सुबाभूळ, घाणेरी आणि रानमोडी दर पावसाळ्यात परत उगवतात, त्या मुळापासून काढाव्या लागतात, आणि काढणाऱ्याला रोप आणि तण यांतला फरक कळावा लागतो. चार महिन्यांच्या ठेक्यावर आलेला माळी निर्गुंडी कापून घाणेरी ठेवतो. पाणकणीस उथळ, खतावलेल्या पाण्यात बेसुमार वाढते, ते दरवर्षी काही भागातून काढावे लागते. आणि सांडपाण्याचा नाला तलावात पडत असेल तर आधी तो वळवावा. कोणतेही झाड गटार पिऊन टाकत नाही. पण तुलना कशाशी करायची? कारंज्याचा पंप, त्याचे वीजबिल, बंद पडलेले एलईडी, उखडलेले पेव्हर आणि रोज पाणी मागणारे लॉन यांचा खर्च दरवर्षी वाढत जातो. काठाचा तिसऱ्या वर्षानंतर उतरतो.

रोपे मिळत नाहीत, ही शेवटची सबब. निवर, कळंब, वाळुंज बहुतेक नर्सरीत नसतात, हे खरे. कोणी मागत नाही म्हणून ती ठेवत नाहीत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून उपटून आणणे हा गुन्हा आहे आणि तो कोणी करू नये. पण रस्त्याकडेचे करंज, जुन्या वाड्यांतली जांभळे, गावदेवीच्या देवळामागचे उंबर यांचे बी कोणाच्या बापाचे नाही. येऊरच्या पाड्यांवरच्या वारली बायकांना कोणते बी कधी पडते आणि कसे रुजवायचे हे बागकामाच्या कोणत्याही कंत्राटदारापेक्षा चांगले ठाऊक आहे. त्यांच्याकडून रोपे करून घेतली आणि रोपाचा रास्त भाव दिला तर तो पैसा कुठल्या पाममध्ये जाण्यापेक्षा बरा. फक्त घाई करावी लागेल. जांभळाचे बी ताजेच लावावे लागते, ते साठवून चालत नाही, आणि जांभळे पडतात मेअखेर ते जूनमध्ये. सोसायटीच्या सभेने ठराव ऑगस्टवर ढकलला तर या पावसातली लागवड गेली. शिवाय भराव काढून उतार पुन्हा करायचा तो तलाव खाली असतानाच, म्हणजे एप्रिल-मेमध्ये. तेव्हा आधी जेसीबी, मग बी, आणि पामची ऑर्डर दिली असेल तर ती रद्द करण्याचे पत्र याच आठवड्यात.